हवामान बदल: मीटिंगांमध्ये आणि शाळांत मला परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी भौतिकशास्त्र शिकवते, माहेर रत्नागिरी तालुक्यातलं, घरची आंब्याची कलमं आहेत. गेली काही वर्षं बागायतदारांच्या मीटिंगा, शाळा, बचत गट अशा ठिकाणी हवामान बदलावर बोलायला जाते. गाव बदललं तरी प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून काढली. काही लांब झालीत कारण विषयच तसा आहे.

ग्लोबल वॉर्मिंग, क्लायमेट चेंज, हवामान बदल, हे सगळं एकच ना?

जवळजवळ. आपल्याकडे गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो, आज ढग आलेत त्यालाही आपण "हवामान" म्हणतो आणि गेल्या तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो. आज दुपारी सर येईल का, हे झालं वेदर. मृग लागला की पेरणी, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवतो, दसऱ्याच्या आसपास भात कापायला येतं, हे झालं क्लायमेट. म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण वर्षाचं गणित मांडतो ते. पृथ्वीचं सरासरी तापमान वाढणं म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग, आणि त्यामुळे पाऊस, वारे, समुद्र, मोहर, मासळी सगळ्याचंच वेळापत्रक हलणं म्हणजे हवामान बदल. माझ्या मते आपल्याला जास्त मार ह्या दुसऱ्याचा बसतोय. नुसतं गरम होणं एकवेळ सोसता येतं, पण ठोकताळेच चुकायला लागले की शेती करायची कशाच्या जोरावर?

हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. एवढ्याशाने काय होतंय?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. बागायतदारांना मी उलट विचारते, मोहरावरच्या तुडतुड्यांना (रस शोषणारी कीड) फवारताना दहा लिटर पाण्याला औषध किती घालता? बऱ्याच औषधांचं उत्तर पाच मिलीच्या आसपास येतं. म्हणजे ०.०५ टक्के, आणि तेवढ्यात काम होतं ना! पदार्थ किती आहे ह्यापेक्षा तो करतो काय हे महत्त्वाचं.

हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोन्ही अडवत नाहीत. जमीन दिवसभर ऊन खाते आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी परत वर सोडत राहते. थंडीच्या दिवसांत स्वच्छ चांदणं असलं की हुडहुडी भरते आणि आभाळ आलं की गारठा पळतो हे सगळ्यांना माहितीये. ढगांनी वर काही शेकोटी पेटवलेली नसते, ते फक्त वर निघालेली उष्णता अडवून काही भाग परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे वायू हेच काम रात्रंदिवस बारा महिने करतात. ते मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं, त्यांच्यामुळे ते साधारण १५ अंश आहे. म्हणजे मुळात हे वायू आपल्या भल्याचेच, प्रश्न प्रमाणाचा आहे.

आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. १८५६ साली युनिस फूट ह्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापते हे दाखवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडलने हे वायू उष्णता अडवतात हे मोजून दाखवलं, १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल ह्याचं गणित हाताने केलं. म्हणजे आपल्याकडे प्लेगची साथ आली त्या वर्षी!

पण हे माणसामुळेच झालंय कशावरून? हवामान तर कायमच बदलत आलंय.

कायम बदलत आलंय हे खरंच आहे. हिमयुगं आली आणि गेली, पृथ्वीची कक्षा आणि आस हजारो वर्षांत हळूहळू बदलते त्यामुळे. पण ते बदल व्हायला हजारो वर्षं लागायची आणि आत्ताचा बदल दीडशे वर्षांतला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे मोजले तर गेल्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३०० भागांच्या वर फारसा गेलेला दिसत नाही. कारखाने सुरू व्हायच्या आधी तो २८० होता, १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या पुढे गेलाय.

हा जादाचा कार्बन कुठला, हे ओळखता येतं. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेलं असल्यामुळे त्यातला कार्बन-१४ (कार्बनचा काळाबरोबर झिजत जाणारा प्रकार) कधीच संपून गेलेला असतो, शिवाय ते मुळात वनस्पतींपासून बनलेलं असल्यामुळे त्यात कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार, वनस्पती तो कमी घेतात) कमी असतो. हवेत ह्या दोन्हींचं प्रमाण घटत चाललंय, आणि जळणाला लागतो तो ऑक्सिजनही किंचित कमी होतोय. म्हणजे दुधात पाणी कुठल्या विहिरीचं घातलंय इथपर्यंत कळण्यासारखं आहे हे.

सूर्य जास्त तापलाय का, तर उपग्रह १९७० च्या दशकाच्या शेवटापासून सूर्याची ऊर्जा मोजतायत आणि तिच्यात वाढ दिसत नाही. आणखी एक, मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा, तो असा की सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते, पण खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. उष्णता खालीच अडली तरच असं होतं.

ज्वालामुखी? ओझोनचं भोक? माणसं श्वास सोडतात ते?

सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत, आपण जळणातूनच वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो. ओझोनचा प्रश्न वेगळा आहे, तो जुन्या फ्रिज-एसीतल्या गॅसमुळे झाला, जगाने १९८७ च्या माँट्रियल कराराने ते गॅस बंद करायला घेतले आणि ओझोनचा थर आता हळूहळू भरून येतोय. श्वासाचं म्हणाल तर जो कार्बन आपण सोडतो तो भात-भाकरीतूनच आलेला असतो, आणि भाताने तो हवेतूनच घेतलेला असतो, हिशोब तिथल्या तिथे मिटतो.

एक-दीड अंशाने काय होतं? सकाळ-दुपारमध्येच दहा अंशांचा फरक असतो.

तो एका जागेचा, एका दिवसाचा फरक. इथे आपण सगळ्या पृथ्वीची, जमीन आणि समुद्र मिळून, वर्षाची सरासरी बोलतोय. मागच्या हिमयुगाच्या ऐन भरात अर्धा उत्तर अमेरिका खंड बर्फाखाली होता आणि समुद्र १२० मीटर खाली गेला होता, तेव्हा सरासरी आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच कमी होती. आता समजून घ्या एक-दीड अंश म्हणजे काय ते. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, कारखान्यांआधीच्या काळापेक्षा साधारण १.५५ अंश जास्त. एका वर्षाने पॅरिस कराराची दीड अंशाची मर्यादा मोडली असं होत नाही कारण ती लांब पल्ल्याच्या सरासरीची आहे, पण आपण तिच्या उंबरठ्यावर आहोत.

आणि सरासरी थोडी सरकली तरी टोकाचे दिवस खूप वाढतात. मार्च २०२२ हा भारतातला १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च होता, उत्तरेत गहू दाणा भरायच्या वेळेलाच तापला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

'७२ चा दुष्काळ काय कमी होता का? तेव्हा कुठे होतं हे सगळं?

आजोबा मंडळी हे हमखास विचारतात आणि विचारायलाच हवं, त्यांनी सुकडी खाल्लीये, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलीये. १९७२ हे एल निनोचं वर्ष होतं. पॅसिफिक समुद्र तापतो आणि आपला मान्सून बिघडतो, हे पूर्वीपासून चालत आलंय आणि पुढेही चालणार. हवामान बदलामुळे नैसर्गिक चढउतार थांबत नाहीत, ते आता जास्त तापलेल्या पृथ्वीवर होतात एवढंच. २०२३ पण एल निनोचं वर्ष, त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्यामुळे "पूर्वीपण व्हायचं" हे बरोबर आहे, पण त्यातून "आता काही वेगळं नाही" हे निघत नाही.

पाऊस वाढतोय की कमी होतोय? एकदा काय ते सांगा.

दोन्ही, आणि गोची तिथेच आहे. हवा एका अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे भांडं मोठं झालं, भरायला वेळ जास्त लागतो आणि उपडं झालं की एकदम ओततं. १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मान्सूनचा एकूण पाऊस ६ टक्क्यांच्या आसपास घटला, त्यात गंगेचं खोरं आणि आपला पश्चिम घाट जास्त. आणि साधारण त्याच काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. सरासरी बघितली तर "पाऊस बरा झाला" असं दिसतं, पण पंधरा दिवस उघडीप आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, ह्यात रोपं करपतातही आणि वाहूनही जातात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी, त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि महाडजवळ तळियेवर डोंगर आला. आता ह्यातलं प्रत्येक खापर हवामान बदलावर फोडणं बरोबर नाही, मिठी नदी आपण बुजवली, डोंगर आपण कापले. पण असा पाऊस पडायची शक्यता वाढत चाललीये आणि आपली गटारं, पूल, डोंगरपायथ्याची घरं जुन्या पावसाच्या हिशोबाने बांधलेली आहेत.

एक बारीक पण बोलकी गोष्ट. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या तारखा बदलल्या, मुंबईतून मान्सून परत फिरायची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. नऊ दिवस. हे नऊ दिवस म्हणजे कापलेलं भात मळ्यात भिजणं, लोंबीलाच कोंब येणं.

अरबी समुद्रात एवढी वादळं पूर्वी नव्हती ना?

नव्हती. वादळं म्हणजे बंगालचा उपसागर, असंच आपण भूगोलात शिकलो. अरबी समुद्र त्यामानाने थंड असायचा. वादळाचं इंधन म्हणजे समुद्राचं गरम पाणी, आणि पृथ्वीवर जी जादा उष्णता साठतेय तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रच पितोय. हिंदी महासागराचा उष्ण कटिबंधातला पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये साधारण एक अंशाने तापला. २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात थोडी घटली. नावं तर आता लहान पोरांनाही पाठ आहेत, २००९ चं फयान, २०१७ चं ओखी, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते.

निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आलं. माझी मावशी त्या बाजूला असते. महिन्याभराने गेले तेव्हा वाडीत शिरल्यावर पहिलं जाणवलं ते ऊन. पोफळीच्या वाडीत भर दुपारी पण गार काळोख असतो, तिथे स्वच्छ आकाश दिसत होतं आणि पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला डोकं करून. वेलदोडा, मिरी, जायफळ जे सावलीत जगतं ते पुढच्या काही दिवसांत उन्हाने वाळलं. मावशी म्हणाली, "पोफळ लावली तर सुपारी धरायला सात-आठ वर्षं, माझं वय बघ." नुकसान भरपाई झाडावर मिळते, सावलीची कुठे मिळते.

हापूसचं जे चाललंय ते ह्यामुळेच का?

बऱ्याच अंशी, पण सगळं नाही. फुलकिडे औषधांना दाद देत नाहीत त्याचा दोष आपल्या वारेमाप फवारण्यांकडेही जातो. आता गणित बघा. पावसाळा संपल्यावर जमीन सुकली पाहिजे, झाडाला ताण बसला पाहिजे, मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्रीचा गारवा मिळाला की डोळ्यातून मोहर फुटतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की ओल टिकते आणि मोहराच्या जागी पालवी येते. मोहर आला आणि आभाळ आलं की तुडतुडे. ते सगळं निभावून कणी धरली आणि जानेवारी-फेब्रुवारीत परत कडाका पडला, की झाड पुन्हा मोहर काढतं, सगळा जोर नव्या मोहराकडे जातो आणि आधीची वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं गळतात. ह्याला आपण पुनर्मोहर म्हणतो. मार्च-एप्रिलात एकदम पारा चढला की राहिलेलं फळ भाजतं.

दोन वर्षांमागे फेब्रुवारीत वडिलांबरोबर कलमांत फिरत होते, त्यांनी एका फांदीखाली हात धरून ती नुसती हलवली. ओंजळभर कणी हातात आली, हिरवी, देठाशी पिवळी पडलेली. शेजारच्याच फांदीवर नवा मोहर पांढराशुभ्र, मधमाश्या घोंघावतायत. बघणाऱ्याला वाटेल काय छान बहर आलाय. ते एवढंच म्हणाले, "हा आता जूनला आंबा देणार, पावसात." हापूसला उशीर म्हणजे भाव गेला. ह्यातली प्रत्येक गोष्ट पूर्वीही अधूनमधून व्हायचीच, आता एकाच हंगामात तीन-तीन एकदम होतात.

मासळीचं काय?

पापलेट कमी झालं त्यात लहान पिल्लं धरणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यांचा वाटा मोठा आहे, ते हवामानावर ढकलू नये. पण समुद्र तापल्यामुळे तारली, बांगडा ह्यांच्यासारखी मासळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकलीये हे खरं आहे. शिवाय वादळाच्या इशाऱ्यामुळे होड्या किनाऱ्याला बांधून ठेवायचे दिवस वाढलेत, म्हणजे बंदीचे दोन महिने वेगळे आणि हे वेगळे.

मुंबई खरंच बुडणार का?

एका सकाळी उठलो आणि मुंबई नाही, असं होणार नाही. जगाचा समुद्र १९०१ ते २०१८ मध्ये साधारण २० सेंटीमीटर चढला. आधी वर्षाला दीड मिलीमीटरच्याही आत होता तो वेग आता साडेतीनच्या पुढे गेलाय, काही पाणी बर्फ वितळून आलं आणि काही नुसतं गरम होऊन फुगलं. शतकाच्या शेवटी अजून अंदाजे ३० सेंटीमीटर ते १ मीटर, आपण किती जाळतो त्यावर. त्रास आधी सुरू होतो तो उधाणाच्या दिवशी, साडेचार मीटरच्या भरतीला वरून पाऊस आला की पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. कोकणात तो दिसतो खारभूमीचे बांध फुटण्यात, मळ्यांत खारं पाणी शिरण्यात, खाडीकाठच्या विहिरी मचूळ होण्यात.

कोकणात ३७ अंशाला उष्णतेची लाट जाहीर करतात, विदर्भात तर ४५ होतं!

विदर्भात हवा कोरडी, घाम वाळतो, अंग निवतं. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून किनाऱ्यासाठी हवामान खात्याचा निकष ३७ पासून सुरू होतो, मैदानी भागात ४० पासून. काजूच्या बागेत, मासे सुकवायला, बांधकामावर राबणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगा, घाम येतोय म्हणजे अंग थंड होतंय असं नाही.

उद्याचा पाऊस नीट सांगता येत नाही, मग २१०० चं कसं सांगतात?

शिमग्यानंतर ऊन वाढणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, पण शिमग्याला दुपारी चार वाजता आभाळ येईल का हे कुणीच महिनाभर आधी सांगू शकत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्युकुरो मनाबे ह्यांनी १९६७ मध्ये कॉम्प्युटरवर गणित मांडलं होतं की खालची हवा तापेल आणि स्ट्रॅटोस्फिअर थंड होईल, तसंच झालं. २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

झाडं लावली की झालं ना?

झाडं लावाच, पण त्याने हिशोब मिटत नाही. कोट्यवधी वर्षांत साठलेला कोळसा आपण शे-दीडशे वर्षांत जाळतोय, तेवढा कार्बन धरायला जमीनच पुरणार नाही. आणि जून महिन्यात फोटो काढून लावलेल्या रोपापेक्षा आहे ती देवराई आणि कांदळवन न तोडणं कितीतरी मोलाचं. कांदळवन कार्बनही धरतं आणि लाटही अडवतं.

आपण का सोसायचं? गोऱ्यांनी जाळलं ना सगळं.

हा राग रास्त आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४ च्या आसपास. आजवर हवेत गेलेल्यात अमेरिकेचा वाटा सुमारे पाव, आपला तीन-चार टक्के. त्यांनी पैसा आणि तंत्रज्ञान दिलंच पाहिजे, मागितलंच पाहिजे. पण एकूण बेरजेत आज आपण जगात तिसरे आहोत, आपली बहुतेक वीज कोळशावर येते आणि मार खाणाऱ्यांत आपण पुढे आहोत. दुसरा सुधरत नाही म्हणून आपण आपल्याच वाडीला आग लावू का?

आता उशीर झालाय का? काही उपयोग आहे का कशाचा?

आहे. ही परीक्षा पास-नापासची नाही, दीड अंशापेक्षा १.७ अंश वाढ वाईट आणि दोनपेक्षा १.७ बरी. नवा कार्बन जाणं जवळजवळ थांबलं की तापमान वाढणंही बऱ्यापैकी थांबतं, असं विज्ञान सांगतं. मिथेन हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, तो कमी केला तर फरक आपल्या हयातीत दिसेल. सोलर दहा-पंधरा वर्षांत किती स्वस्त झाला ते आपण बघितलंच.

आमच्यासारख्यांनी नक्की काय करायचं?

मोबाईलमध्ये मेघदूत आणि दामिनी ही दोन ॲप घ्या, मेघदूत शेतीसाठी हवामानाचा सल्ला देतं, दामिनी वीज पडायचा इशारा देतं. ग्रामपंचायतीत दरडीच्या धोक्याच्या वाड्यांची यादी मागा आणि पावसाआधी मागा. सगळी भिस्त एका पिकावर ठेवू नका. मतं मागायला येतील त्यांना खारबंधारा कधी दुरुस्त होणार ते विचारा. आणि नोंदी ठेवा. मोहर कधी आला, पहिली पालवी कधी, पाऊस किती मिलीमीटर. तालुक्याच्या केंद्रावर पडतो तो पाऊस तुमच्या वाडीत पडतोच असं नाही, आणि विम्याच्या वेळी भांडण त्यावरूनच होतं. सरकारी आकड्याची जागा तुमची वही घेणार नाही, पण हातात आकडा असला तर बोलता येतं.

पर्जन्यमापक कुठे लावायचा?

उघड्यावर, झाड आणि घराच्या पागोळीपासून लांब. जवळ जे काही उंच असेल त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. तोंड सपाट, पाणी न उडेल इतकं जमिनीपासून वर. मोजायचं रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही तेव्हाच मोजतं आणि मग तुमचा आकडा त्यांच्याशी ताडून बघता येतो. पाऊस नाही पडला त्या दिवशीही शून्य लिहायचं, रिकामं सोडायचं नाही.